आहेरातून पडलेला घोंगडीवाला

परवा दुकानात सांगोल्याकडचं एक गिऱ्हाईक आलं. पायताण बाहेर काढलं, गादीवर टेकलं आणि म्हणालं, "घोंगडीवाला द्या."

मी म्हटलं, "घोंगडीवाला विकायला ठेवलेला नाही. धोतरजोडी पाहिजे का?"

"धोतर कंचंबी द्या की. आत घोंगडीवाला पायजे."

इतकी वर्षं मी सोलापूरच्या नव्या पेठेत कापड विकतो. पोत बघा म्हणतो, काठ बघा म्हणतो, कापड पाण्यात आटत नाही म्हणून शपथा घेतो. लोक ऐकून घेतात आणि शेवटी धोतराची घडी उलगडून आतला कागदच बघतात. दुकानाचं नाव विचारलं तर निम्म्यांना सांगता येणार नाही. घोंगडीवाला मात्र दुधनीपासून सांगोल्यापर्यंत पोराटोरांना पाठ आहे. त्याला या मुलखात आणला मी. हे मला कुठंतरी लिहून ठेवायचं होतं, म्हणून लिहितो आहे. ज्याला पटणार नाही त्यानं दुकानात येऊन माझ्याशी बोलावं.

माझा बाप मेंढरामागं फिरला. मी सोलापुरात आलो तो खांद्यावर कापडाचं गाठोडं घेऊन दारोदार ओरडत. स्वतःचं दुकान झालं तेव्हा मालावर छाप पाहिजे असं ठरवलं. खेड्यातला माणूस अक्षरं वाचत नाही, चित्र ओळखतो. पण चित्रं उरली होती कुठं? राम एकानं घेतलेला, कृष्ण दुसऱ्यानं. मारुतीवरून दोन व्यापाऱ्यांची कोर्टात जुंपलेली. गाय, सिंह, हत्ती, मोर, सगळे कुणाच्या ना कुणाच्या गठ्ठ्यावर बसलेले. उशिरा आलेल्याला देवही मिळत नाही.

गठ्ठ्यांना अस्तर लावायला मी मुंबईची रद्दी घ्यायचो. त्यात परदेशी वर्तमानपत्रं यायची. एकदा त्यातून रंगीत पान निघालं. पानभर चौकटी आणि चौकटींत एकच गडी. डोळ्यांवर पट्टी, गळ्याला बांधलेली चादर पाठीवर उडतेय, बुक्की मारून भिंत फोडतोय. खालची भाषा मला कळत नव्हती, पण गोष्ट कळली. एका चौकटीतून दुसरीत माझा डोळा आपोआप पळत होता. पान संपलं तसा मी रद्दीत पुढचं पान हुडकायला लागलो. ते मिळालं नाही. चिडून मी अख्खा गठ्ठा उसकटला. मग माझ्या ध्यानात आलं की, मी चिडलो म्हणजे गिऱ्हाईकही असंच चिडेल आणि पुढच्या पानासाठी परत येईल.

ते पान घेऊन मी पेंटरकडे गेलो. विणकरांच्या वस्तीत त्याची खोली. घरात तेलुगू बोलणारा माणूस. पूर्वी नाटक कंपनीचे पडदे रंगवायचा. कंपनी बुडाली आणि हा रिकामा झाला. त्यानं पान नीट बघितलं.

"चड्डी वरून का घातली यानं, शेट?"

"चड्डी काढ. धोतर नेसव. आपल्या लाल काठाचं."

"धोतर नेसून भिंती फोडेल?"

"कासोटा घट्ट मार, फोडेल."

"आणि पाठीवरची चादर?"

"चादर काय कामाची. घोंगडी टाक."

एवढ्यावर घोंगडीवाला जन्माला आला. चार चौकटींचा कागद, खाली चार ओळी. शिळाछापखान्यात छापून घ्यायचा आणि प्रत्येक धोतरजोडीच्या घडीत एक घालायचा. नवा माल निघाला की नवी गोष्ट. मागची गोष्ट अशी तोडायची की गडी कड्याला लोंबकळतोय, नाहीतर दरोडेखोरांनी त्याला कणगीत कोंडलाय. ही तोडायची जागा मी सांगायचो, कारण गिऱ्हाईक नेमकं कुठं धरून ठेवायचं हे माझ्याइतकं पेंटरला कळत नव्हतं.

पहिल्यांदा लोक हसले. बाजारात एकजण म्हणाला, "ह्येच्या डोळ्याला पट्टी का वो?" शेजारचा म्हणाला, "डोळं आल्यात त्येचं." झालं. पुढच्या बाजाराला एक म्हातारी दुकानाच्या पायरीशी येऊन मला सांगून गेली, "त्येला म्हनावं, रातीचा दुधाचा बोळा ठेव. दोन दिसांत उतार पडंल." मी हसलो, पण मनात म्हटलं, हे कापड चाललं.

आणि चाललंच. मागवाल्यांनी मागाच्या खांबाला कागद चिकटवले. अक्कलकोटकडची माणसं दुकानात शिरता शिरताच विचारायची, "मुंदेनु? मुंदेनु?" म्हणजे पुढं काय? सांगोल्याकडच्या मेंढपाळांनी तर त्याला घरातलाच करून टाकला. पाठीवर घोंगडी आहे म्हटल्यावर तो दुसऱ्या कुणाचा असणार? ज्याला वाचता येई तो बाजारात झाडाखाली बसून कागद वाचून दाखवायचा आणि भोवती बसलेले लोक त्यालाच रागं भरायचे, "असं कसं कोंडलं त्येला? तू नीट वाच की!"

बिघडलं ते पेंटरच्या डोक्यात हवा गेल्यामुळं. लोक त्याला रस्त्यात थांबवून पुढं काय म्हणून विचारायला लागले. मग तो घोंगडी मोठी मोठी काढायला लागला. वाऱ्यावर अशी फुगलेली की तिच्याखाली धोतर दिसेना. मी त्याला दुकानात बोलावलं.

"काठ कुठाय?"

"घोंगडीखाली आहे, शेट."

"मला धोतरं विकायचीत. घोंगडी माझा बाप विकायचा."

"घोंगडी उडाली नाही तर तो उडी मारतोय असं वाटत नाही. लोक घोंगडी बघतात."

"लोकांचं मला सांगू नकोस! तुझा घोंगडीवाला माझ्या धोतरावर जगतो."

"माझ्या हातावर जगतो," पेंटर म्हणाला.

माझं डोकं फिरलं. पेठेत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी ओरडलो, "एवढा तुझ्या हातावर जगतो ना? मग मार त्याला! मारून टाक!"

"मारू?"

"मार!"

तो पायऱ्या उतरून गेला. रागात बोललेलं कुणी खरं धरतं का? मी दिवसातून कितीतरी जणांना मर म्हणतो, अजून एकही मेलेला नाही.

त्याच सुमारास माझ्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं. पाव्हणे सांगोल्याकडचे, आमच्यातलेच. रानं होती, मेंढरांचे कळप होते. व्याही उंच, जाड मिशांचा, कमी बोलणारा माणूस. बोलणीच्या दिवशी मी आमच्या बाजारातल्या रीतीनं उपरण्याखाली हात पुढं केला. मेंढरांचा सौदा असाच होतो, कापडाखाली बोटं धरून, बाकीच्यांना कळू न देता. त्यानं माझा हात बाहेर काढला आणि नुसताच दाबला. "पोरगी द्या. बाकी कायबी नगं." मी रात्रभर विचार केला की यात खोट कुठं आहे. सौदा करणाऱ्याला सौदा न करणाऱ्याचं फार भय वाटतं. पण पोरीनं आतल्या खोलीतून आईकरवी निरोप धाडला होता की हेच घर हवं, आणि ती कधी काही मागत नसे.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. छापखान्यातून नव्या कागदाचा नमुना आला तेव्हा मी मांडववाल्याशी भांडत होतो. घडी न उघडताच "चालू दे" म्हटलं. आहेरासाठी धोतरजोड्या त्याच ताज्या मालातल्या घेतल्या, अजून बाजारातही न गेलेल्या. व्याह्याचा मान म्हणून.

दुपारी व्याहीभेट झाली. आम्ही एकमेकांना कवळलं, गुलाल लागला, वाजंत्री वाजली. मी त्यांच्या हातावर धोतरजोडी ठेवली. लोक आहेर घेतात आणि बाजूला ठेवतात. व्याह्यांनी तिथंच घडी उलगडली. नवरामुलगा मान लांब करून बघतोय. मागचे वऱ्हाडी पुढं रेटायला लागले. "निघाला का? निघाला का कागुद?" मला तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

कागद खाली पडला. व्याह्यांनी तो उचलला, बघितला आणि मुलाच्या हातात दिला. मग त्यांनी डोक्याचा पटका काढला.

मला कळेना. त्यांच्या मागच्या माणसानं पटका काढला. मग त्याच्या मागच्यानं. भरल्या मांडवात, मुंडावळ्या बांधलेल्या नवऱ्यासमोर, वऱ्हाडातले सगळे पुरुष उघड्या डोक्यानं उभे. आमच्यात असं फक्त मयताला उभं राहतात. वाजंत्री आपोआप थांबली. बायकांच्या बाजूनं कुणीतरी ओरडून विचारलं, "कोन गेलं वो?"

"घोंगडीवाला गेला!"

एका बाईनं हंबरडाच फोडला.

मी कागद हिसकावून घेतला. पहिल्या चौकटीत विहिरीत पडलेल्या कोकरासाठी तो उडी मारतोय. दुसरीत नुसतं पाणी. तिसरीत कोकरू वर आलंय आणि तो काठावर कोसळलाय. चौथीत तो आडवा पडलेला, तोंडावर पांढरं कापड. आणि धोतराचा लाल काठ, मी इतके दिवस मागत होतो तसा, पायापाशी अगदी स्पष्ट काढलेला.

लग्नाच्या कापडात मयत! अशा मालाला या मुलखात कुणी हात लावत नाही. पण मालाचं नंतर. समोर माझ्या पोरीचं लग्न उभं होतं.

मी म्हटलं, "पाव्हणं, चूक झाली. दुसरी जोडी देतो."

"जोडीचं काय न्हाय वो," व्याही म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर बसलेला होता. "त्यो आमच्या घरात देवापाशी हाय. पोरं त्येला काका म्हनत्यात. घरचं मानूस गेल्यावर त्याच दिशी लगीन करत्यात व्हय?"

"अहो, तो कागदावरचा आहे!"

"मग देव्हाऱ्यातला खंडोबा कशावरचा हाय? टाकावरचाच की."

मी भटजींकडे बघितलं. मला वाटलं, हे शिकलेले आहेत, सांगतील काहीतरी. भटजी पंचांग मिटून म्हणाले, "सुतक तसं लागत नाही. पण यजमानांच्या मनाला लागलं असेल तर..." आणि तेही कागद बघायला वाकले.

आयुष्यात मी पुष्कळ अडवणूक बघितली आहे. हुंड्यावरून, मानपानावरून, जेवणातल्या मिठावरून मोडलेली लग्नं बघितली आहेत. एकही वस्तू न मागणारा हा माणूस आता एक गोष्ट मागत होता, आणि ती माझ्या गाठीला नव्हती. "त्येला उठवा," ते म्हणाले. "गोरजाच्या आत उठला तर पोरगा बोहल्यावर येतोय. न्हाय उठला तर आमी सुतक फिटल्यावर येऊ. पोरगी आमचीच हाय." पण उजवायला काढलेली पोरगी एकदा मांडवातून तशीच घरात गेली, तर लोक काय बोलतात हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

फेटा डोक्यावर तसाच ठेवून मी टांग्यात बसलो. वस्तीत सगळीकडे मागांची खटखट चाललेली. पेंटर खोलीत भिंतीला टेकून बसला होता. मी उंबऱ्यातूनच सुरुवात केली.

"हरामखोरा, मारलास त्याला?"

"तुम्हीच म्हणालात, मार."

"रागात म्हणालो!"

"मीपण रागातच मारला, शेट." मग हळूच म्हणाला, "त्या दिवसापासून जेवण जात नाही मला."

मी सगळं सांगितलं. पटके काढले म्हटल्यावर तो उठूनच उभा राहिला. "अय्यो! खरंच काढले?" त्याच्या तोंडावर जे दिसलं त्याला आनंद म्हणावं की भीती, मला ठरवता आलं नाही.

"चल. उठव त्याला."

"कसा उठवू? पाण्यात गेला, बाहेर पडला, कापड टाकलं. मलाच सुचत नाही."

मला वाटलं, हा भाव वाढवतोय. मी उपरणं पसरलं आणि त्याखाली हात धरला. "बोल."

"हात बाहेर काढा, शेट. मी मेंढरू नाही."

"मग काय पाहिजे तुला?"

"पुढं काय घडतं ते मी ठरवणार. कुठं तोडायचं तेही मीच. तुम्ही फक्त धोतरं विका."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्याला जिन्यावरून ढकलला असता. उन्हं कलली होती. मी "बरं" म्हणालो. इतका वाईट सौदा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही, आणि घासाघीस करायलाही मला वेळ मिळाला नाही.

आम्ही मांडवात पोचलो तर तिथं पंचायत बसलेली. कागद आत बायकांतही फिरून आलेला, आता पुरुषांत या हातातून त्या हातात फिरतोय.

"दम धरून बसला आसंल. पान्यातला गडी हाय त्यो."

"तोंडावर कापड हाय की रं!"

"आसूंदे की. ऊन लागतंय म्हनून घेतलं आसंल."

"मेलेला त्यो न्हायच. पट्टी कुनीबी बांधतंय."

"मग खरा कुटं हाय, तुज्या घरी?"

पेंटरला बघून सगळ्यांनी त्याला वाट करून दिली. मला कुणी वाट दिली नाही, मी रेटून आत गेलो. पेंटर कागद हातात घेऊन उभा राहिला. ज्यानं काढला त्यालाच उठवता येत नव्हतं. सगळ्या वऱ्हाडाची नजर त्याच्यावर आणि दारातून येणारं ऊन पिवळं होत चाललेलं.

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला, "आबा, कापड कुणी टाकलं?"

माझी मुलगी. हळद लागलेली, मुंडावळ्या बांधलेल्या, आणि व्याह्यांच्या देखत बोलत होती. मी हबकलोच. "आत जा," म्हटलं.

ती गेली नाही. "चारी चौकटींत बघा की. तो आहे, कोकरू आहे, विहीर आहे. दुसरं माणूसच नाही. मग मेलेला माणूस आपल्याच तोंडावर कापड कसा ओढून घेईल?"

व्याह्यांनी पेंटरच्या हातातून कागद घेतला, डोळ्यांजवळ धरला. पेंटरनं त्यांच्या खांद्यावरून बघितलं. रागाच्या भरात त्यानं मयतापाशी रडायलासुद्धा कुणी काढलं नव्हतं.

"न्हाय की वो!" व्याही एकदम ओरडले. "हितं कोनच न्हाय! सोताच वढून झोपलाय लेकाचा!"

कुणीतरी खो खो हसलं. मघाशी रडणारी बाई म्हणाली, "बघा, उगी माझं डोळं खराब केलं."

व्याह्यांना तेवढ्यावर भागणार नव्हतं. त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. कोरा कागद नव्हता म्हणून पेंटरनं चुलीतला कोळसा मागवला आणि आहेरातलं धोतरच जमिनीवर अंथरलं. माझ्या मालावर, कोऱ्या, मऊ कापडावर तो कोळसा ओढत होता आणि मला तोंड उघडायचं नव्हतं, तसं कबूल केलं होतं. घोंगडीवाला उठून बसला. तोंडावरचं कापड मांडीवर, हात ताणून आळस देतोय, कोकरू त्याचा कान चाटतंय. घोंगडी केवढीतरी मोठी.

व्याह्यांनी पटका पुन्हा बांधला. ते धोतर तसंच कोळशासकट खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "वाजवा रं." सूर्य टेकायच्या आत अक्षता पडल्या. लोक माझ्या मुलीकडे बघून म्हणत होते, "लई हुशार हाय." माझ्याकडे बघून कुणी काही म्हणालं नाही.

त्या मालातले सगळे कागद मी दुसऱ्या दिवशी काढून घेतले. घोंगडीवाला जिवंतच राहिला, आणि तेव्हापासून पेंटर ठरवतो की पुढं काय. मला आता नमुना बघायचाही हक्क नाही. मीही बाकीच्यांसारखा धोतराची घडी उलगडून बघतो. चुकीच्या जागी तोडतो तो. मी असतो तर एक चौकट आधी तोडली असती. तरी लोक येतात, वर्षं गेली तरी येतातच.

पण ते एवढं मनाला लागत नाही. पाठवणीचं लागतं. सकाळी मोटार दाराशी उभी होती. मुलगी आईच्या गळ्यात पडून रडली, आत्याच्या पडली, माझ्या पायाला हात लावला. मी काहीतरी बोलायला शब्द शोधत होतो. ती मोटारीच्या पायरीवर चढली, वळली, गर्दीत मागं उभ्या असलेल्या पेंटरला तिनं हाक मारली आणि डोळे पुसत म्हणाली, "पेंटरकाका, पुढं काय होणार ते मला आधी कळवा हं. छापायच्या आधी." पेंटरनं मान डोलावली. मोटार सुरू झाली, आणि माझे शब्द माझ्याच तोंडात राहिले.